तक्रार: भरती-ओहोटी न पाहता काढलेली एका दिवसाची मुंबई सहल

दि. १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
आपलं मुंबई कार्यालय

विषय: शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या ‘स्मॉल ग्रुप’ सहलीत दिलेली आश्वासनं न पाळल्याबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझी ७२ वर्षांची आई, सातवीतली मुलगी आणि मी अशा तिघींनी आपल्या या सहलीचे माणशी ३,२०० रुपये, म्हणजे एकूण ९,६०० रुपये आगाऊ भरले होते. जाहिरातीत लिहिलं होतं की शिवडीच्या धक्क्यावरून रोहित पक्षी (म्हणजे फ्लेमिंगो) जवळून बघायला मिळतील, ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने फेरी होईल आणि संध्याकाळी कार्टर रोडच्या खडकांवर समुद्रजीव दाखवले जातील. मधल्या वेळात मरीन ड्राइव्ह, मलबार हिल आणि पवईचा तलाव. कागदावर वाचताना दिवस फार छान वाटला.

सहलीनंतर, सोमवारी, मी फोनवर तक्रार केली. त्यावर आपल्याकडून ईमेल आलं: ‘निसर्गापुढे कोणाचंच चालत नाही, पक्षी दिसणं आमच्या हातात नाही.’ सोबत पुढच्या सहलीवर २० टक्के सवलतीचं कूपन. पत्र लिहायला बसले ते या एका वाक्यामुळे. नाही तर मी शाळेच्या परीक्षांचे पेपर काढत बसले असते.

त्या दिवशी माघ शुद्ध एकादशी होती. आईचा उपवास. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून आम्ही पावणेसातला दादरला पोहोचलो, गाडीत बसलो. आपल्या गाईडने माइकवर दिवसाचा कार्यक्रम सांगितला, पहिलं ठिकाण शिवडी. आई खिडकीशी बसली होती. ती हर्णैची, माझे आजोबा तिथल्या बंदरावर होते. तिने मला कोपर मारून विचारलं, “गो, आज एकादशी ना? मग पाणी सव्वाआठला भरणार. ह्यांना चिखल दिसायचा कुठे?”

आपल्या कार्यालयात कोणाला माहीत नसेल तर सांगते. कोकणातल्या खलाशांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. एकादशी म्हणजे अकरा, अकरा पाऊणे सव्वाआठ. चंद्र रोज सुमारे पाऊण तास मागे सरतो, तशी भरतीही सरते. सकाळी सव्वाआठला भरती, तर दुपारी अडीचच्या आसपास पूर्ण ओहोटी आणि रात्री पावणेनवाच्या सुमाराला पुन्हा भरती. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण अचूक वेळा हव्या असतील तर मुंबई बंदराचं भरतीचं कोष्टक वर्षभर आधी छापलेलं असतं. फोनवर दोन बोटं फिरवली की दिसतं.

शिवडीला आम्ही पावणेआठला उतरलो. पाणी धक्क्याच्या दगडांना थपडा मारत होतं. डोक्यावर अटल सेतू, बाजूला दुरुस्तीला लागलेल्या गंजक्या बार्ज, पाण्यावर तरंगणाऱ्या बाटल्या. चिखल इंचभरही उघडा नव्हता. रोहित खातात तो चिखलातलं, उथळ पाण्यातलं शेवाळ. त्यामुळे चिखल बुडाला की ते तिथे थांबत नाहीत, नेरुळ-सीवूड्सकडच्या तलावांवर नाही तर भांडुपकडच्या पाणथळीत विश्रांतीला जातात. भरती उतरू लागली की परत येतात आणि ओहोटी पूर्ण झाली की पाण्याच्या कडेकडेने लांब सरकतात. म्हणून पक्षी पाहणारे लोक शिवडीला भरतीच्या दोनएक तास आधी किंवा नंतर जातात. ऐन भरतीला कोणी जात नाही. आपण नेमके ऐन भरतीला नेलंत.

माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी वहीत रकाने आखून आणले होते: पक्षी, संख्या, वेळ, काय करत होता. शिवडीच्या पानावर तिने लिहिलं: घार २, बगळा १, कुरव ‘पुष्कळ’, रोहित ०. शून्याभोवती तिने पेनाने गोल केला, मग आणखी एक गोल केला. गाईड तिला म्हणाला, “थंडी कमी पडली ना यंदा, सैबेरियातून आलेच नाहीत अजून.” ती मला हळूच म्हणाली, “आई, रोहित सैबेरियातून नाही येत.” बरोबर आहे तिचं. सैबेरियाहून येतात ते चिखलपक्ष्यांपैकी काही. ठाणे खाडीतले रोहित मुख्यतः कच्छकडून येतात. बीएनएचएस या मुंबईतल्या निसर्ग-अभ्यास संस्थेने २०२२ मध्ये इथल्या काही रोहितांना जीपीएस टॅग लावले, त्यातले पक्षी पुढे गुजरातेत गेल्याचं नोंदलं गेलं. हे सातवीतल्या मुलीने शोधलं होतं, गाईडला कोणी सांगितलं नव्हतं. त्या मुलाला दोष देत नाही, वीस-बावीस वर्षांचा असेल, स्वभावाने गोड आणि दिवसभर आईचा हात धरून पायऱ्या उतरवत होता. त्याचा पगार कापू नका. त्याला आधी एक दिवस पक्षी माहीत असलेल्या माणसाबरोबर पाठवा.

तिथून मलबार हिल. म्हातारीचा बूट, वरून दिसणारा मरीन ड्राइव्ह, तो नेहमीसारखा सुंदर. त्याबद्दल तक्रार नाही.

ऐरोलीला जाताना बारा वाजून गेले होते. मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावर चढलो आणि डाव्या-उजव्या बाजूंना खाडीचा चिखल उघडा पडलेला दिसला. तेवढ्यात मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं. लांब पाण्याच्या कडेला गुलाबी रंगाची एक लांबच लांब रेघ होती. मध्येच ती रेघ वाकायची, मान वर व्हायची. चालत्या गाडीच्या मळक्या काचेतून ते सगळं मिनिटभर दिसलं. पुलावर गाडी थांबवता येत नाही, हे ड्रायव्हरचं म्हणणं अगदी योग्य होतं. पण ९,६०० रुपयांत आम्हाला रोहित बघायला मिळाले ते या एका मिनिटात, काचेतून, एवढंच.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात पोहोचलो तेव्हा त्या दिवसाच्या फेऱ्या संपल्या होत्या. तिथल्या बोटी भरतीच्या आगेमागे सोडतात, हे उघड आहे. पाणी उतरलं की खाडीतली वाट चिखलात रुतते. काठाशी बोट चिखलावर कलून बसली होती आणि तिच्या बाजूला निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत होत्या. आमच्याकडे तिकिटं होती का, असं मी गाईडला विचारलं. त्याने कार्यालयात फोन केला, मग फोन लांब नेऊन बराच वेळ बोलला आणि परत येऊन म्हणाला, “स्लॉट मिळाला नाही मॅडम.” मग बुकिंगच केलं नव्हतं का? याचं उत्तर मला लेखी हवं आहे. बोटीचे पैसे पॅकेजमध्ये धरले होते.

तिवरांची श्वासमुळं, केंद्रातली माहिती, हे आम्ही बघितलं. मुलीला ते आवडलंही. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, हे तिने तिथेच वहीत उतरवून घेतलं. पण त्यासाठी आम्ही स्वतः लोकलने ऐरोलीला गेलो असतो.

जेवणाचं थोडक्यात. ‘कोळीवाड्यातलं घरगुती जेवण’ म्हणून हायवेवरच्या हॉटेलात थाळी दिली. फॉर्ममध्ये आईसाठी ‘उपवास’ असं लिहिलं होतं. तिला दोन केळी आणि मसाला वेफर्सचं पाकीट मिळालं. वेफर्स कांदा-लसणाचे होते. तिने ते नातीला दिले.

पवईची मगर मात्र ठरल्याप्रमाणे हजर होती. साडेतीन वाजता एका दगडावर ऊन खात तोंड उघडून पडलेली. तिला भरती-ओहोटीशी काही घेणंदेणं नाही, म्हणून आपलं वेळापत्रक तिला लागू पडलं असावं.

कार्टर रोडला सहाला पोहोचलो. ओहोटी अडीचला होऊन गेली, तेव्हा सहाला पाणी परत चढत होतं. खडकांचे फक्त शेंडे दिसत होते. समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, कालवं, जे काही जाहिरातीत छापलं होतं ते सगळं पाण्याखाली. गाईडने सगळ्यांना सूर्यास्ताचे फोटो काढायला सांगितलं. ज्येष्ठ नागरिकांना ओल्या खडकावर उतरवू नये एवढं भान त्याला होतं, याबद्दल त्याचे आभार.

आता ‘निसर्गापुढे कोणाचं चालत नाही’ याबद्दल. अवकाळी पाऊस आला असता, पक्षी उडून गेले असते, बोटीचं इंजिन बिघडलं असतं, तर मी एक शब्द काढला नसता. शाळेच्या सहली मी स्वतः नेते, अडचणी मला कळतात. पण भरती हा अपघात नव्हे. आपण तीन ठिकाणं दाखवायला निघालात, तिन्ही पाण्यावर अवलंबून, आणि तिन्ही ठिकाणी चुकीच्या वेळी नेलंत. आईने परतीच्या लोकलमध्ये बोटं मोजून सांगितलं ते इथे लिहिते. सकाळी आठला ऐरोली: खाडी भरलेली, बोट सुटते. अकराच्या सुमाराला शिवडी: पाणी उतरतं आहे, चिखल उघडा पडतो आहे, पक्षी धक्क्याजवळ. दुपारी अडीचला कार्टर रोड: पूर्ण ओहोटी. एकादशीला पाणी उधाणासारखं फार लांब जात नाही, पण सहाच्या मानाने किती तरी जास्त खडक दिसले असते. मग पवई नाही जमलं तर नाही, संध्याकाळी मलबार हिल आणि मरीन ड्राइव्ह. ठिकाणं तीच, गाडी तीच, ड्रायव्हर तोच. फक्त क्रम बदलायचा होता. आपण मात्र वर्षभर प्रत्येक शनिवारी तोच क्रम ठेवता, हे मी वेबसाइटवर तपासलं आहे. म्हणजे काही शनिवारी आपोआप जमून जात असेल आणि त्याच दिवसांचे फोटो जाहिरातीत येत असतील. (त्या फोटोतले पक्षी मोठे रोहित आहेत, चोच गुलाबी आणि टोक काळं. ठाणे खाडीत जास्त असतात ते लहान रोहित, गडद लाल चोचीचे. हेही मुलीने दाखवलं.)

‘स्मॉल ग्रुप’चं सांगायचं राहिलं. जाहिरातीत ‘जास्तीत जास्त ८ पर्यटक’ असं आहे. सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही पंधरा जण होतो. ‘प्रत्येकाला दुर्बीण’ असंही आहे. पंधरा जणांत तीन दुर्बिणी होत्या, त्यातल्या एकीची एक काच धुरकट. ऐरोलीला आईपर्यंत दुर्बीण आली तेव्हा निघायची वेळ झाली होती.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बोटीच्या तिकिटांची पूर्ण रक्कम आणि उरलेल्या पैशांपैकी निम्मी रक्कम मूळ खात्यात परत करावी. कूपन नको, त्याने मी काय करू? बोटीचं बुकिंग झालं होतं की नव्हतं, ते कागदासह कळवावं. आणि यापुढे प्रत्येक सहलीच्या पानावर त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ छापावी. गिऱ्हाइकाने ती बघून ठरवावं.

या पत्रानंतर १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन. त्यानेही काम झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्या कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीदेखील लागत नाही. तशी वेळ आणू नये ही विनंती.

आपली,
(सही)
डोंबिवली

सोबत:
पैसे भरल्याची पावती
जाहिरातीचे स्क्रीनशॉट
आपलं उत्तराचं ईमेल
मुलीच्या वहीच्या पानाची झेरॉक्स (शिवडी)
आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या फेब्रुवारी पानाचा फोटो. ८ तारखेच्या चौकटीत ‘एकादशी’ छापलेलं आहे, शेजारी पेन्सिलीने ‘८।’ (म्हणजे सव्वाआठ) लिहिलं आहे ते आईने, आदल्या रात्री.