संग्रहालयातल्या अनामिक हातांचे आभार

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या मंडळाला धान्याची पोती ठेवायला कोरडी जागा नव्हती. लोकवर्गणीवर चालणाऱ्या टेकडीवरच्या संग्रहालयाने जुने नांगर, जाती भिंतीकडे सरकवून दालन मोकळं करून दिलं. तेव्हापासून आमचं रक्तदान शिबिर तिथेच भरतं. भाड्याचा विषयही कुणी काढत नाही. शिमग्यात नमन-खेळे ही कोकणातली लोककला सादर करणाऱ्या पोरांना नटायला खोलीसुद्धा तिथलीच. जाता जाता ती पोरं जुने मृदुंग, मुखवटे निरखून बघतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

सतरंज्या झाडणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत किल्ली घेऊन थांबणाऱ्या, फोटोत कधीच न दिसणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. यंदाच्या शिबिरात पहिला चहा तुमचा.