मेस्त्रींचं बिल

पुणे, रविवार

प्रिय पक्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील तर रागाव. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर आहे.

आपले प्लास्टरचे मेस्त्री साइट सोडून चाललेत. इथे कुणाला सांगितलं तर म्हणतात, दुसरा प्लास्टरवाला बघ. म्हणून तुला लिहितोय.

झालं असं, क्वालिटीवाल्याने सहाव्या मजल्यावरच्या भिंती वाजवून बघितल्या. तीन फ्लॅटमध्ये बीमखाली प्लास्टर पोकळ. त्याने रिपोर्ट परस्पर ऑफिसला पाठवला आणि बिलिंगने मेस्त्रींच्या चालू कामाच्या रनिंग बिलातून 40 हजार कापले. मेस्त्रींना कळलं कधी, तर बँकेचा मेसेज आल्यावर. लेबरची खर्ची वाटायला बसले होते रे! ज्या माणसाने आपल्या दोघांना ओळंबा धरायला शिकवला, त्याला त्याच्या कामातला दोष असा कळावा?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भिंतीपाशी नेलं. थापीच्या मुठीने ठोकत गेले. ठक, ठक, आणि बीमच्या जोडापाशी बद्द. तिथेच थांबले. "फोडायला पाहिजे, साहेब," एवढंच बोलले. मला तोंड उघडावं लागलं नाही. मग एकेक कारण निघालं. जोडावर चिकन मेशची जाळी नाही, कारण ती कंपनीने पुरवायची आणि स्टोअरमध्ये नव्हतीच. बीमवर शटरिंगचं तेल तसंच. बीमला टाचे मारून खरबरीत करणं आरसीसीवाल्याच्या, म्हणजे काँक्रीटच्या ठेकेदाराच्या ऑर्डरमध्ये. क्युरिंगला किमान 7 दिवस पाणी हवं, आणि टँकर दिवसाआड. एक फ्लॅट मात्र निव्वळ मेस्त्रींच्या पुतण्याचा प्रताप. जेवणाआधी कालवलेला माल सुटीनंतर पुन्हा पाणी मारून लावलाय. सिमेंट अर्ध्या-पाऊण तासात धरायला लागतं, हे त्याला मी सांगायचं?

तू म्हणशील, ठेकेदाराला डोक्यावर बसवलं की असंच होतं. नाशिकच्या साइटवर यावरूनच तू माझ्याशी अबोला धरलास, आणि डबा मात्र रोज माझाच खाल्लास! मला तुझं अजूनही पटत नाही. माल ओला असताना सांगितलं तर मेस्त्री त्याच संध्याकाळी उतरवून नवा लावतात, कुरकुर न करता. महिन्याने बिलात कापलं की ते मेशचं काढतात, आपण पुतण्याचं काढतो, आणि भिंत राहते तशीच. रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून 5 वर्षं बांधकामातला दोष बिल्डरच्या गळ्यात. तेव्हा कुणाला हाक मारायची?

उद्या मीटिंग आहे. एका फ्लॅटचं डेबिट ठेवा, बाकीचं परत करा, असं मी मांडणार. आणि यापुढे क्वालिटीवाल्याने भिंत वाजवताना मेस्त्री शेजारी हवेत. ते मी लढवीन. जड जातंय ते पुतण्याचं बोलणं. अक्कलकोटला त्याच्या लग्नात आपण दोघं पंगतीत वाढायला होतो. लेबरसमोर तर बोलणार नाहीच, मेस्त्रींना टपरीवर नेईन. हा फ्लॅट तुमच्या खर्चाने, बाकीचे दोन आमच्या, असं सरळ सांगेन. पण पुतण्याचं नाव मी घ्यावं, की त्यांनाच घेऊ द्यावं? रात्री झोप लागत नाही ती यामुळे.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिमीचा दहावीचा निकाल लागला की लगेच कळव. प्लॉटचं निवांत बोलू.

मेस्त्री तुझा फोन उचलतात. आज रात्री लाव. पैशांचं काढू नकोस, ते मी बघतो. पेरणी उरकून परत येणार का, तेवढं विचार.

तुझा,
बापू