वास गेल्यावर येणारे साहेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला मिथिलिन क्लोराइडवरचा (रंग काढायला, औषधं बनवायला लागणारं द्रावक) लेख वाचला. अमेरिकेचं सगळं नीट लिहिलंय, पण शेवटी ‘आपल्याकडेही पुरेशी यंत्रणा आहे’ हे वाक्य वाचून डोकंच फिरलं. लेखक महाशय कधी आमच्या लोट्याच्या एमआयडीसीजवळ रात्री राहिलेत का?

आमच्याकडे या मिथिलिन क्लोराइडला एमडीसी म्हणतात, एमआयडीसीतल्या कुठल्याही पोराला विचारा. जेमतेम ४० डिग्रीला उकळतं, म्हणजे मे महिन्यात बॅरलचं बूच काढलं की बाकीचं काम ऊनच करतं, आणि वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, उतार धरून पऱ्याकडे (ओढ्याकडे) येते आणि आमची घरं नेमकी तिथेच. गेल्या उन्हाळ्यात रात्री असाच गोडसर वास सुटला, आईला गरगरायला लागलं, खिडक्या लावाव्यात तर उकाड्याने जीव जातो. प्रदूषण मंडळाला फोन केला. साहेब आले दुसऱ्या दिवशी, जेवूनबिवून. तोवर वारा सुटून सगळं साफ! त्यांनी पऱ्यातलं पाणी बाटलीत भरलं, ‘वास आढळला नाही’ असं लिहिलं आणि वर माझीच सही घेतली. आता तो वास एमडीसीचा होता की आणखी कसला ते सांगायला मीटर लागतो, साहेबांकडे पेन होतं.

तिकडे अमेरिकेत २०२४ च्या नियमात घरगुती वापर बंद, आणि जिथे चालू ठेवलाय तिथे कामगाराला आठ तासांच्या सरासरीने २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भाग) वर चालत नाही, आधी २५ चालायचं. आपल्या २००९ च्या हवेच्या मानकांत १२ प्रदूषकं आहेत, बेन्झिन आहे, हे नाहीच. औषधाच्या गोळीत उरलेल्या एमडीसीला मात्र ६०० पीपीएमची मर्यादा आहे बरं का, ते मोजायला कंपनीत एसी लॅब असते.

कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही, आमच्या वाडीतली निम्मी पोरं तिथेच शिफ्टला जातात. रात्री फोन उचलेल आणि मीटर घेऊन तासाभरात येईल असा एक माणूस खेड-चिपळूणला ठेवा, एवढंच.

आणि हो, तुमच्या रत्नागिरीच्या पानावर अर्धी जागा नेत्यांच्या वाढदिवसाला जाते, त्यातले दोन फोटो कमी केलेत तर खाडीत मासे मेल्याची बातमी चार ओळींत कोंबावी लागणार नाही. पेपरही हल्ली अकराच्या आधी येत नाही.

आपला,
एक वाचक, ता. खेड