कूलरचा स्टँड ठोकण्याआधी भिंत पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर वापरताना घ्यायच्या काळजीविषयीचा मजकूर आपल्या अंकात वाचला. अर्थिंग, ओला हात, पाणी भरताना प्लग काढणे, सगळे त्यात आले होते. पण कूलर ज्या लोखंडी स्टँडवर खिडकीबाहेर बसतो आणि तो स्टँड ज्या चार फास्टनरवर, म्हणजे भिंतीत भोक पाडून बसवायच्या नळीवाल्या बोल्टवर, भिंतीला लटकतो, त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती. माझे अंबाजोगाईत हार्डवेअरचे दुकान आहे. मार्चपासून मेअखेर हेच फास्टनर मी रोज विकते, म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात माझ्या दिरांच्या घरचा कूलर माडीवरून स्टँडसकट गल्लीत कोसळला. दुपारचे दोन वाजले होते, गल्लीत चिटपाखरू नव्हते. खाली लावलेली एक सायकल चेपली, तेवढ्यावर निभावले. संध्याकाळी त्याच जागी आमची लेकरे खेळतात. भाऊजींनी पहिला प्रश्न मलाच केला, "वहिनी, फास्टनर हलके निघाले का?" माल माझ्याच दुकानातला होता. मी पडलेला स्टँड उलटा करून पाहिला. चारही फास्टनर अँगलला जसेच्या तसे होते. एकही तुटला नव्हता की वाकला नव्हता. त्यांच्या नळ्या व्यवस्थित फुलल्या होत्या आणि त्या फुललेल्या नळ्यांना तांबूस माती चिकटली होती. बाहेरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आणि आत मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जुन्या विटा, अशी ती भिंत. फास्टनरने धरायचे कशाला?

फास्टनर स्वतःच्या जोरावर धरत नाही, हे गिऱ्हाइकाला समजावताना माझी रोज दमछाक होते. पान्याने नट आवळला की बोल्टच्या टोकाचा शंकू नळीत ओढला जातो, नळी फुलते आणि भोकाच्या कडांना दाबून बसते. त्या दाबाला भिंतीने तितकाच उलट दाब दिला, तरच पकड येते. काँक्रीट तो देते. चांगली भाजलेली, सिमेंटमध्ये बांधलेली वीटही बऱ्यापैकी देते. पोकळ ब्लॉकला जेमतेम बोटभर जाडीचे कवच असते, त्यामागे नुसती हवा. एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांनी भरलेले हलके पांढरे सिमेंटचे ब्लॉक, दाबाखाली चुरतात. आणि मातीचा गारा तर काहीच देत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट जास्त जपायला हवी. मराठवाड्यात माळवदाची, दगड-मातीची किती तरी घरे अजून उभी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, हे आपण विसरलेलो नाही. त्यांतल्या अनेक घरांना आता बाहेरून सिमेंटचा गिलावा चढला आहे, वरून रंग दिला आहे. दिसायला पक्के घर. ड्रिल मारणाऱ्यालाही ते पक्केच वाटते.

खरे तर ड्रिलच भिंत ओळखून देते. भोकातून लाल भुकटी आली तर वीट, राखाडी आली तर काँक्रीट किंवा सिमेंटचा ब्लॉक, पिठासारखी पांढरी आली तर एएसी, मातकट आली तर तिथेच थांबावे. ड्रिल मध्येच भसकन आत गेले तर ब्लॉक पोकळ आहे किंवा सांधा रिकामा आहे. एवढे पाहायला मिनिटभरही लागत नाही.

आता वजनाचे. साठ लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचेच ६० किलो होतात. वर पत्र्याचा सांगाडा, मोटर, पंप. शिवाय स्टँड भिंतीतून पुढे आलेला असतो, त्यामुळे वरच्या दोन फास्टनरना हा भार बाहेर उपसत असतो. मोटरच्या थरथरीने नट सैल होतात ते वेगळेच. आणि हे सारे खिडकीला लागून, जिथे विटेची कड आधीच कच्ची! फुलणारी नळी ती कड फोडते. चौकटीपासून निदान वीतभर तरी दूर भोक घ्यावे, तेही विटेच्या मध्यावर, सांध्यात नव्हे. भोकाची खोली मोजताना गिलावा सोडून मोजावी. भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने उडवून काढावी, नाही तर नळी भुकटीवरच सरकते. भिंत पोकळ किंवा एएसीची असेल तर आरपार बोल्ट घालून आतून लोखंडी पट्टी द्यावी, किंवा जाणकाराकडून केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, बसवून घ्यावा. मातीच्या भिंतीवर कूलर टांगूच नये.

कारागिरांना दोष देण्यासाठी मी लिहीत नाही. भोकामागे पैसे मिळतात, उन्हात दिवसाला दहा घरे करायची असतात, आणि भिंत कशाची आहे हे घरमालकालाच ठाऊक नसते. म्हणून बांधकाम ठेकेदारांना माझी कळकळीची विनंती आहे: घराचा ताबा देताना कोणती भिंत कशाची आहे, हे एका कागदावर लिहून द्या. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून घरमालकाला दिलात, तरी पुरे. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपल्या दैनिकात यावर सविस्तर लिहावे आणि ते एप्रिल उजाडण्याआधी छापून यावे, ही आपणास विनंती.

मी दुकानात आता फास्टनर देण्याआधी "भिंत कशाची?" असे विचारते. माहीत नसेल तर घरी जाऊन पाहून या म्हणते. काही गिऱ्हाइके चिडून दुसरीकडे जातात. भाऊजींचा नवा कूलर यंदा अंगणात, चार पायांच्या स्टँडवर, खालच्या खोलीच्या खिडकीशी उभा आहे.

आपली नम्र,
एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)