बरं होणाऱ्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका

महोदय,

10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन आला की 'सकारात्मक राहा, आत्मविश्वास बाळगा' असे सल्ले सगळीकडून येतात. नैराश्यातून, स्किझोफ्रेनियातून किंवा मोठ्या आघातातून सावरणाऱ्या माणसाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. 'आपण आता कुणाच्याच कामाचे नाही' हे त्याच्या मनात घट्ट बसलेलं असतं आणि ते शब्दांनी निघत नाही. रोज त्याच्या हातून काहीतरी पार पडलं, ते घराच्या उपयोगी आलं, की हळूहळू निघतं. आणि नेमकं तेच आपण मायेपोटी बंद करून टाकतो: 'तू फक्त आराम कर, बाकीचं आम्ही बघतो.'

पुनर्वसनाच्या कामात आम्ही घरच्यांना मेथीचं उदाहरण देतो. निवडायला अख्खी जुडी देऊ नका, अर्धी द्या. सकाळी सातला नको; रात्रीच्या गोळ्यांची गुंगी अनेकांना नऊ-दहापर्यंत असते, तेव्हा अकराच्या सुमाराला द्या. काही औषधांनी हात थरथरतात, म्हणून सुरुवातीला विळी-सुरी नको आणि चहाचा कपही काठोकाठ भरू नका. काम पंधरा-वीस मिनिटांत हातावेगळं होईल एवढंच असावं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दांडे राहिले म्हणून त्याच्यादेखत तीच मेथी पुन्हा निवडायला बसू नका. राहू देत चार दांडे. पुन्हा निवडण्याच्या त्या एका कृतीने आठवड्याची मेहनत वाया जाते. लहान मुलासारखं 'शाब्बास' म्हणायचीही गरज नाही. 'उद्या कोथिंबीर आणणार आहे, निवडशील ना?' एवढं पुरे.

आठवडाभर जमलं की एक पायरी वर: दूध आणणं, गॅसचा नंबर लावणं. नाही जमलं तर काम निम्मं करा, पण बंद करू नका. 'मूड आला की करेल' म्हणून वाट पाहण्यात महिने जातात, कारण नैराश्यात उत्साह बहुधा कामाच्या मागून येतो. उलट टोकाची चूकही नेहमीची आहे. चार दिवस बरे गेले की लग्नाची बोलणी, नोकरी, पाहुणे सगळं एकदम अंगावर टाकलं जातं आणि माणूस पुन्हा कोसळतो.

गोळ्यांविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात; मळमळ, घशाला कोरड मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते. हे माहीत नसलं की 'मला औषधही लागू पडत नाही' असा अर्थ रुग्ण काढतो. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर सहसा निदान 6 महिने गोळ्या चालू ठेवतात. आपल्या मनाने एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं हे होऊ शकतं, शिवाय आजार उलटू शकतो.

अपघात, अत्याचार, पूर यांतून वाचलेल्यांना 'झालं गेलं विसर' म्हणू नये, तसा 'सगळं बोलून टाक' असा आग्रहही धरू नये. कधी सांगायचं, किती सांगायचं हे त्यांच्या हाती राहू द्या. जुना प्रसंग अचानक डोळ्यांसमोर आला तर डोळे मिटायला लावू नका. मिटल्या डोळ्यांपुढे तो अधिकच ठळक होतो. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. श्वास चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर. विचारल्याशिवाय हात धरू नका, मागून हाक मारू नका.

आजार उलटण्याची चिन्हं प्रत्येकाची वेगळी असतात. सलग दोन रात्री झोप नाही, आंघोळ टळते, फोन बंद राहतो. बरं असताना ती रुग्णानेच स्वतःच्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावीत. खाली डॉक्टरांचा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लिहावा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीतून बोलता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आणखी एक हक्क दिला आहे. उपचारांत आपल्या वतीने कोण बोलेल हे सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठरवू शकते. आजारपणातही आपला शब्द चालतो हे कळणं औषधाइतकंच मोलाचं आहे, पण घरच्यांना हा हक्क बहुधा ठाऊकच नसतो.

आपल्या दैनिकाला विनंती, की 14416 हा क्रमांक आत्महत्येच्या बातमीखालीच नव्हे, तर रोज पहिल्या पानावर ठळक छापावा.

— मानसिक पुनर्वसन क्षेत्रातील काही कार्यकर्ते, पुणे