पियानोवरचे नाव आणि आतला पियानो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील वाद्यखरेदीच्या लेखात पियानोच्या ब्रँडची उतरती क्रमवारी दिली आहे: आधी स्टाइनवे, मग यामाहा, कवाई वगैरे. मुलाला पियानो घेऊ पाहणाऱ्या पालकांना तिचा फारसा उपयोग नाही, कारण नावावरून कारखाना कळत नाही. स्टाइनवेच्या ‘बॉस्टन’ मालिकेचे पियानो कवाई बनवते, ‘एसेक्स’ चीनच्या पर्ल रिव्हरकडून येतात. ‘रिटम्यूलर’ हे जर्मन वळणाचे नाव आज पर्ल रिव्हरच्याच मालकीचे आहे. यामाहाचा बी3 आणि यू1 दोन्ही 121 सेंटिमीटर उंच, नावही तेच; पण बी मालिका इंडोनेशियात किफायतशीर दरासाठी बनते आणि यू1 वरच्या प्रतीचा आहे. इंडोनेशियाचा माल वाईट असतो असे मुळीच नाही. फक्त पैसे यू1 चे मोजून बी3 घरी येऊ नये. म्हणून दुकानात ब्रँडच्या आधी मॉडेल, कारखाना आणि अनुक्रमांक विचारावा.

यामाहा की कवाई, हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही कंपन्या जपानच्या हामामात्सूच्या, एक 1887 सालची आणि दुसरी 1927 ची. यामाहाचा आवाज स्वच्छ आणि धारदार, कवाईचा जरा गोल. फरशी आणि उघड्या भिंतींच्या दहा बाय बाराच्या खोलीत ही धार कानाला टोचू शकते. दुकानाच्या गालिचा घातलेल्या दालनात ते लक्षात येत नाही. माझ्या मते कोकणपट्टीत कवाईची एक बाजू अधिक भक्कम आहे. 1970 च्या दशकापासून ही कंपनी हॅमर, म्हणजे तारांवर आदळणारे हातोडे, हलवणाऱ्या यंत्रणेत एबीएस प्लास्टिकचे भाग वापरते. ते पावसाळ्यात फुगत नाहीत. लाकडी भागांच्या सांध्यांतले फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे कापड) दमटपणाने सांध्याच्या बारीक पिनेला आवळते आणि जुलैत पट्टी दाबली की वर यायला आळस करते.

आपल्याकडे बरेच लोक जपानहून आलेला जुना पियानो घेतात, आणि तो उत्तम सौदा ठरू शकतो. यामाहाचा अनुक्रमांक वरचे झाकण उघडले की लोखंडी चौकटीवर दिसतो. 30 लाखांच्या आसपासचा असेल तर वाद्य 1980 च्या सुमाराचे. पण वयापेक्षा अवस्था महत्त्वाची. डावीकडून 49 वी पट्टी वाजवून फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपमध्ये पाहावी, 440 हर्ट्झ यायला हवेत. 415 च्या जवळ असेल तर सबंध वाद्य अर्ध्या स्वराने उतरले आहे. सुमारे 230 तारांचा मिळून 15 ते 20 टन ताण असतो. तो एकदम चढवला की सूर पुन्हा घसरतो, म्हणून दोन-तीनदा ट्यूनिंग लागते आणि गंजलेली तार तुटतेही. खरी भीती ट्यूनिंग पिना, म्हणजे तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या, सैल असण्याची. पिना धरणारा लाकडी ठोकळा सुकला किंवा तडकला असेल तर आज लावलेला सूर काही आठवड्यांत उतरतो. त्याच्या दुरुस्तीचा खर्च कधी कधी पियानोच्या किमतीला गाठतो.

मग खालचे फळकूट काढून विजेरीने आत पाहावे. वाळवीची माती, फेल्टला लागलेली कसर, तारांवरचा तांबूस गंज हे सारे तिथे दिसते. हॅमरच्या टोकावर तारांच्या खोल खाचा असतील तर आवाज कर्कश येतो; फेल्ट तासून तो सुधारतो, पण तासायला फेल्ट उरलेले हवे. खर्जाच्या, तांबे गुंडाळलेल्या तारा बद्द वाजत असतील तर त्या बदलाव्याच लागतात. वरच्या दीडेक सप्तकाचा सूर पट्टी सोडल्यावरही गुंजत राहतो. तो दोष नव्हे, तिथे तारेचा आवाज थांबवणारे डँपर नसतातच.

हवा हा भाग जाहिरातीत येत नाही. मुंबई-गोव्यात ओलावा मारतो. नागपुरात एप्रिल-मेची कोरडी हवा लाकूड आकसवते आणि पिना सैल करते. मुंबईत वर्षानुवर्षे राहिलेला पियानो विदर्भात नेताना ही जोखीम धरूनच किंमत ठरवावी. वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, एसीच्या झोतात ठेवू नये. ओलावा आटोक्यात ठेवणारा हीटर रॉड आत बसवला तर पावसाळ्यात तो दिवसरात्र चालू हवा. एसीसारखा रात्रीपुरता लावला तर चढउतार वाढतात. ट्यूनिंग वर्षातून दोनदा, त्यातले एक पावसाळा सरल्यावर, हवा कोरडी होऊन महिनाभर गेला की. आपल्या गावात पियानोचा सूर लावणारा ट्यूनर येतो का, हे ब्रँड ठरवण्याआधीच विचारावे.

ट्यूनर मिळतच नसेल तर सरळ डिजिटल घ्यावा. तिथे 88 वजनदार, म्हणजे दाबताना खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या, पट्ट्या हव्यातच. एका वेळी किती स्वर वाजू शकतात तेही पाहावे: यामाहा पी-145 मध्ये 64, रोलंड एफपी-30एक्स मध्ये 256. सूर लांबवणारे पेडल दाबून लांबलचक रचना वाजवताना 64 कमी पडतात, नवशिक्याला नाही.

आणि उभा पियानो 200 ते 250 किलोंचा असतो. बयाणा देण्यापूर्वी लिफ्टचे दार आणि जिन्याची वळणे मोजून घ्यावीत.

आपला,
एक पियानो ट्यूनर, माहीम