चि. ईशास, सतराव्या क्रमांकाविषयी

कोल्हापूर, रविवार रात्र

चि. ईशा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवण्यापूर्वी तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला पॉवर रेटिंगमधले काही कळत नाही, तेव्हा माझ्या घोट्याबद्दल बोलू नका." पॉवर रेटिंग म्हणजे तुमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा राज्यस्पर्धेतला क्रमांक ठरवणारा आकडा, एवढेच मला ठाऊक होते. या वाक्याचा पहिला भाग वाचून दुरुस्त करता येण्यासारखा होता, म्हणून माई झोपल्यावर मी एम.आय.ए.ए.चे, म्हणजे तुमच्या राज्यातल्या शाळांच्या क्रीडा संघटनेचे, नियम उघडून बसलो. दुसऱ्या भागाविषयी या पत्रात लिहायचे नाही असे ठरवले आहे. माई आता आधाराने उठून बसते, आणि तुमचा सामना आपल्या मैदानावर नाही हे कळल्यापासून "का नाही?" असे मला पुन्हा पुन्हा विचारते.

मला समजले ते असे. मॅसॅच्युसेट्समध्ये पूर्वी उत्तर, दक्षिण, मध्य आणि पश्चिम अशा विभागांत आधी स्पर्धा व्हायची आणि विभागाचे विजेते मग एकमेकांशी भिडायचे. 2020 मध्ये शाळांनी मतदान करून संपूर्ण राज्याची एकच स्पर्धा स्वीकारली आणि 2021 च्या हंगामापासून ती सुरू झाली. आता राज्याच्या पश्चिम टोकाला बर्कशायरच्या डोंगरातल्या संघाची पूर्व टोकाच्या केप कॉडच्या संघाशी पहिल्याच फेरीत गाठ पडू शकते, आणि जे संघ एरवी कधी समोरासमोर येत नाहीत त्यांना एका यादीत बसवायचे, तर नुसते किती जिंकले आणि किती हरले एवढे मोजून भागत नाही. म्हणून प्रत्येक सामन्यातील गोलफरकाची, वर मर्यादा घातलेली, सरासरी काढायची, तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या संघांच्या रेटिंगची सरासरी तीत मिळवायची, आणि येणाऱ्या बेरजेवर सॉकरच्या पाचही डिव्हिजनमध्ये, म्हणजे शाळांच्या गटांमध्ये, क्रमांक लावायचे. प्रत्येक डिव्हिजनमधले पहिले 32 संघ थेट स्पर्धेत येतात. त्यांच्या खालच्यांपैकी ज्यांचे विजय पराभवांहून कमी नाहीत, त्यांनाही प्राथमिक फेरीचे दार उघडे असते. टेबलाभोवती बसून कोणाला वर आणि कोणाला खाली ठेवायचे हे ठरवणारी समिती नाही, आणि ही गोष्ट मला फार आवडली.

तुझ्या रेटिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याचे रेटिंग, त्याच्यात त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे, आणि फिरून पुन्हा तुझेही, त्यामुळे राज्यातले सगळे संघ एकाच वेळी सोडवायच्या समीकरणांत गुंतलेले असतात. तुम्ही घरी झोपलेल्या असताना स्प्रिंगफील्डला कोणी तरी गोल केला तरी तुमचा आकडा हलतो. सप्टेंबरमध्ये तुम्हांला चार गोलांनी हरवणारा संघ पुढे सगळीकडे जिंकावा म्हणून तू जेवणाच्या टेबलावर हात का जोडायचीस, हे मला आता कळले. त्या वेळी मी हसलो होतो.

आमच्याकडे असले काही नव्हते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले, की कोण मोठे हे त्या संध्याकाळी ठरायचे आणि पुढच्या सामन्यापर्यंत दोन्ही पेठांत त्यावर वाद चालायचा. लीगचा गुणतक्ता असायचा, परंतु समोर कोण होते हे तो तक्ता विचारत नसे, दुबळ्याला हरवले काय आणि बलाढ्याला हरवले काय, गुण तेवढेच. बंडूकाका गोलात उभा राहायचा तेव्हा त्याच्या उजव्या खांद्याचे काय झाले होते, हे घरात फक्त माईला ठाऊक होते, कारण रात्री शेक तीच द्यायची. आज तो हात त्याच्या डोक्यापर्यंत जात नाही. हे मी लिहिणार नव्हतो.

तर शेवटचा सामना. समोरचा संघ यादीत फार खाली होता, आणि गोलफरकाला मर्यादा असल्यामुळे अशा संघाला हरवूनही सरासरी खाली येऊ शकते, कारण त्याचे रेटिंग तुमच्या हिशोबात जितके खाली ओढते तितके गोल तुम्हांला वर नेत नाहीत. तुम्ही सोळाव्या होतात. जिंकणे पुरेसे नव्हते, मोठ्या फरकाने जिंकायचे होते, म्हणून तू ट्रेनरला, म्हणजे संघाच्या दुखापती पाहणाऱ्यांना, "काही दुखत नाही" असे सांगून घोट्याला टेप लावून उतरलीस आणि 80 मिनिटे खेळलीस. 2-0 झाले. यादी गोठली तेव्हा तुम्ही सतराव्या होतात, आणि सोळा विरुद्ध सतरा या सामन्याचे यजमानपद सोळाव्याकडे जाते. उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत वरच्या क्रमांकाच्या संघाचेच मैदान आणि त्याचेच प्रेक्षक, तटस्थ मैदान त्यानंतर. तू बारावीत आहेस, आपल्या मैदानावर आता बहुधा पुन्हा सामना नाही. हे मला समजते, ईशा.

मी कागद घेऊन बसलो तो तुला चूक ठरवण्यासाठी. एका सामन्याने काही बिघडत नाही, अठरा सामन्यांची सरासरी असते, तू त्या दिवशी बाकावर बसली असतीस तरी फारसा फरक पडला नसता, असे मला आकड्यांनी सिद्ध करायचे होते. ढोबळ हिशोब केला. एक गोल भागिले 18 म्हणजे सुमारे 0.06. मग यादीत शेजारच्या संघांमधले अंतर पाहिले, आणि तुमच्या आसपासचे काही संघ त्याहूनही कमी अंतरावर उभे होते. म्हणजे तुझेच म्हणणे बरोबर निघाले, एका गोलाने खरोखरच मैदान बदलू शकते. हिशोब माझ्या बाजूने असता तर पत्र इथेच संपले असते.

तरीही एवढे लिहितो, की ज्या 0.06 साठी तू घोट्यावर उभी राहिलीस, तोच 0.06 सप्टेंबरमधल्या कोणत्याही दुपारी कोणाच्याही पायातून निसटलेला असू शकतो. तुमच्या अठरा सामन्यांत किती चेंडू खांबाला लागून परतले? ज्यांच्याशी तुम्ही खेळलात त्यांनी इतरत्र किती सामने बरोबरीत सोडले? यादी हे सगळे सारख्याच थंडपणाने मोजते. शेवटचा सामना फक्त शेवटी आला म्हणून तुला तो सर्वांत जड वाटतो. त्यातली बाविसाव्या मिनिटाची संधी तू फोनवर तीनदा सांगितलीस, आणि त्याआधीच्या सामन्यात अर्ध्या मैदानातून चेंडू काढून नेऊन दिलेल्या पासाचा उल्लेखही केला नाहीस. त्या पासाचे चित्रीकरण आईने पाठवले होते. मी ते इथे बंडूकाकाला दाखवले, त्याने काही न बोलता फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा लावला.

तुमच्या राज्यात 2010 पासून असा कायदा आहे, की डोक्याला मार बसल्याचा संशय आला की खेळाडूला बाहेर काढायचे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय पुन्हा उतरू द्यायचे नाही. तेथे खेळाडूच्या शब्दावर काही सोडलेले नाही, कारण सतरा वर्षांचे मूल "मी ठीक आहे" असेच म्हणणार, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. घोट्यासाठी असा कायदा नाही. घोट्याचा निर्णय बराचसा तू ट्रेनरला काय सांगतेस यावर असतो, आणि पॉवर रेटिंगच्या कोणत्याही रकान्यात, कोण कशाच्या जोरावर उभे होते, याची नोंद होत नाही. आपले शरीर ही अशी गोष्ट आहे, की तिच्या बाबतीत... असो. हे व्याख्यान झाले. तुला त्याचा किती कंटाळा आहे हे मला माहीत आहे, आणि आठ हजार मैलांवरून ते आणखीच पोकळ ऐकू येत असेल. माफ कर.

तुम्ही सतराव्या आहात याचा मला अभिमान आहे, हे काल सांगायचे राहिले. तुझ्या पहिल्या वर्षी हा संघ पहिल्या 32 मध्ये येण्याचे नावही कोणी काढत नव्हते. सोळाव्याला हरवलेत तर पुढे बहुधा पहिला क्रमांक समोर येईल, आणि त्यांचे सामने मी पाहून ठेवले आहेत. डावीकडून त्यांचा बचाव फार पुढे येतो. कोचना हे माहीत असेलच.

सामन्याच्या आदल्या दिवशी ट्रेनरकडे जा, बूट आणि मोजा काढून घोटा दाखव, एका पायावर उड्या मारून दाखव, आणि दुखले तर दुखते असे सांग. त्यांनी खेळ म्हटले तर खेळ, मी एक शब्द बोलणार नाही. नको म्हटले तर बाकावरून ओरड. तुझा आवाज माईकडून आला आहे, तो मैदानभर पोहोचतो. आईलाही बरोबर ने, ती तुझ्यासारखी गोष्टी लपवत नाही. ते काय म्हणाले हे त्याच रात्री मला लिही, इथे पहाट असली तरी चालेल. क्रमांक कळवू नकोस, ते मी पाहतोच.

तुझा,
बाबा